झिपऱ्याचा गोड झरा

रानातली जनावरं एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करत, त्या काळची ही गोष्ट. झिपऱ्या अस्वल मोहाची आंबलेली फुलं पोटभर खाई आणि झिंगत झऱ्यावर जाई. वाटेत आवळीचं झाड होतं. तोंडाची चव बदलावी म्हणून तो दोन आवळे चावी, तोंड वेडंवाकडं करी आणि मग पाणी पिई. पाणी साखरेसारखं गोड लागे.

"इतकी वर्षं मोह खातोय, पण माझं यकृत ठणठणीत," तो साळिंदराला ऐकवी. "सगळी या झऱ्याची कृपा."

"आवळ्याचीही असेल, झिपऱ्याभाऊ."

"त्या तुरट फळाची? काहीतरीच तुझं."

आणि झऱ्याची वाट रुंद व्हावी म्हणून त्यानं आवळी मुळासकट उपटली.

दोन महिन्यांत त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले, भूक मेली. त्यानं कसाबसा पाण्याचा घोट घेतला आणि थुंकून टाकला.

"बघ," तो साळिंदराला म्हणाला, "झराच बिघडलाय. आता गोडी राहिली नाही."

साळिंदर वाळलेल्या आवळीकडे बघत राहिलं. झिपऱ्या नवा झरा शोधायला निघाला. वाटेत खायला मोहाची फुलं घ्यायला मात्र तो विसरला नाही.