पाच नंबरची जर्सी

"मग सर्जेरावला सांगणार कोण? तू का मी?"

सर्जेरावला आज खेळवायचा नाही असं अभिनंदन म्हणाला, तेव्हा दस्तगीर वस्तादांनी एवढंच विचारलं.

फुटबॉलच्या फायनलची दुपार होती. आमच्या पेठेची टीम चाफेवेस तालमीची, तिथं मारुतीपुढं जर्स्या मांडलेल्या. आमच्याकडं रीत अशी, की मॅचच्या दिवशी वस्ताद आपल्या हातानं एकेकाला जर्सी देतात. ज्याला मिळाली तो खेळणार. कोच कुणी का असेना, हात वस्तादांचाच.

सगळ्यांच्या देऊन झाल्या होत्या. पाच नंबरची तेवढी राहिली होती. ती आमच्या स्टॉपरची, गोलपुढच्या मधल्या बॅकची, म्हणजे सर्जेरावची. तो बाहेर पायरीवर बसून बुटात नाड्या ओवत होता. ही आपली शेवटची फायनल, असं त्यानं अख्ख्या पेठेला सांगून ठेवलं होतं. वस्ताद आपल्याला शेवटी बोलावणार, अशा समजुतीत होता बिचारा.

अभिनंदन आमचा नवा कोच. याच पेठेतला. सर्जेरावचा खेळ बघत मोठा झालेला, आणि आता कोचिंगचा कोर्स करून आलेला. पोरगं हुशार, त्यात वाद नाही. पण त्या दिवशी मला त्याचा राग आला होता. मी बॉलची पिशवी घेऊन दाराशी उभा होतो, म्हणून सगळं कानावर पडलं.

"सेमीला बघितलंत ना, वस्ताद? मी लाइन वर घेतली. सगळे बॅक मध्यरेषेजवळ. समोरच्याला खेळायला जागाच ठेवायची नाही. आणि त्यांनी आपल्या बॅकच्या मागं लांब बॉल टाकला की सर्जादादा पळण्यात मागं राहिले. परत टाकला, परत राहिले. गोलकीपर होता म्हणून वाचलो."

"चुकला का सर्जा?"

"चुकले नाहीत. पोचले नाहीत."

"उंच बॉल आला तर?"

"ते काढतात. सगळे."

"आणि मागनं हाका मारून बाकीच्यांना जागंवर कोण ठेवतं?"

"तेच की... पण वस्ताद, त्यांचे पाय आता चालत नाहीत. माझ्या पद्धतीत ते बसत नाहीत. त्यांच्या जागी पळणारा पोरगा घेतो."

"बसत न्हाईत व्हय..."

वस्तादांनी जर्सी उचलली, नीट घडी केली आणि खांद्यावर टाकली.

"स्टेडियमवर गेल्यावर बघू. चल, चालत जाऊ."

टीम पुढं निघाली. सर्जेराव पण निघाला, सगळ्यांत मागं, साध्या बनियनवर. त्यानं एकदा वळून वस्तादांच्या खांद्याकडं बघितलं. मला तर त्याच्याकडं बघवेना.

वस्तादांचा उजवा गुडघा कुस्तीत गेलेला. एक पाऊल टाकायचं, दुसरं ओढायचं, अशी त्यांची चाल. अभिनंदन बोलायच्या भरात तरातरा पुढं गेला. मग बाजूला कुणी नाही हे कळल्यावर ओशाळून माघारी आला आणि त्यांच्या पावलाला पाऊल लावून चालायला लागला. तोंड मात्र चालूच.

"लाइन खाली घेतली, की मधलं मैदान त्यांना मोकळं मिळतं, वस्ताद."

"मिळू दे की."

"असं कसं मिळू दे?"

वस्तादांनी खांद्यावरची जर्सी नीट केली. चालत राहिले.

चौकात एक रिक्षा अंगावर आल्यासारखी आली. अभिनंदन बोलता बोलताच वस्तादांच्या उजव्या अंगाला गेला. पुढं पाइपलाइनसाठी रस्ता उकरला होता, तिथं हा आधी उतरला, पायानं दगड सरकवले आणि हात पुढं केला. चढ लागला तसा आपणच थांबला, उगीच बुटाची नाडी सोडून परत बांधत बसला. वस्तादांचा दम खाऊन झाला तेव्हा त्याची नाडी बांधून झाली. आणि सगळा वेळ लाइन वर का पाहिजे, हे सांगणं चालूच होतं.

पिशवी घेऊन मागनं चालताना मला हसू आलं. माझा राग तिथंच निम्मा उतरला.

स्टेडियमच्या फाटकाशी वस्ताद थांबले.

"काय रं, तू तर वाऱ्यागत चालतोस. आज एवढा उशीर का?"

"तुम्ही बरोबर होता ना."

"मला घरी ठेवायचं हुतं. लवकर पोचला असतास."

"काय बोलता, वस्ताद? तुमच्याशिवाय फायनल?"

"आणि चौकात माझी बाजू का बदललीस?"

"गाड्या तिकडनं येत होत्या..."

"कुठं शिकलास ह्ये?"

अभिनंदनला हसू आलं. "हे काय शिकायला लागतंय?"

वस्तादांनी आपल्या अधू गुडघ्यावर हात ठेवला आणि फाटकाच्या आत मान वळवली.

अभिनंदनचं हसू हळूहळू गेलं. त्यानं मागं वळून आम्ही आलो तो रस्ता बघितला. मग फाटकाच्या आत बघितलं. तिथं सगळी पोरं जर्स्या घालून उभी होती आणि सर्जेराव बाजूला कट्ट्यावर बसला होता, हात मांड्यांवर ठेवून.

वस्तादांनी खांद्यावरची जर्सी काढली आणि अभिनंदनच्या हातात दिली. आमच्या तालमीची जर्सी दुसऱ्याच्या हातानं दिलेली मी तोवर कधी बघितली नव्हती.

अभिनंदन आत गेला. सर्जेरावपुढं उकिडवा बसला.

"दादा, आज लाइन तुम्ही लावायची. तुम्ही उभे राहाल तिथं. गोलच्या जवळ राहिलात तरी चालेल, बाकीचे तुमच्यापाशी येतील. मागं बॉल पडला तर दोन्ही बाजूचे बॅक पळतील, ते माझ्यावर सोडा. तुम्ही फक्त हाका मारत राहा."

सर्जेरावनं त्याच्या हातातली जर्सी घेतली.

"मला वाटलं, आज बाकावरच बसवतोयस."

"बसवणारच होतो, दादा."

सर्जेरावनं जर्सी कपाळाला लावली आणि अंगात घातली. मग अभिनंदनच्या डोक्यावर एक हलकी टपली मारली, तो लहान असताना मारायचा तशीच. दोघांचेही डोळे भरले होते. माझे पण, आता लपवायचं काय त्यात.

पोरं मैदानात उतरली. अभिनंदन परत फाटकाशी आला. चेहरा उतरलेला. पेठेनं फायनल बघून बरीच वर्षं झाली होती, आणि सेमीत खेळवलेली सगळी पद्धत त्यानं आज मोडली होती.

"वस्ताद... आणि हरलो तर?"

वस्तादांनी त्याचा दंड धरला, सगळा भार त्याच्यावर टाकला आणि आत जायला पहिलं पाऊल उचललं.

"मग परत जातानाबी असाच चाल."