पैकूच्या निऱ्या

श्रीसहजनाथ महाराज त्या वर्षी वैनगंगेकाठच्या धानोडी गावच्या मठात येऊन राहिले होते. गावात कोष्ट्यांची पंचवीस घरे. मागांचा खटखटाट पहाटेपासून सुरू होई, आणि महाराज म्हणत, "आमची काकडआरती ती हीच."

त्यांतले एक घर पैकू परातेचे. पैकू महाराजांचा जुना भक्त. तीन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात लुळा पडला. घरात बाईमाणूस नव्हते. होता तो एकुलता मुलगा, उदेभान. माग तोच चालवी, आणि धोतर नेसायला दोन हात लागतात म्हणून रोज सकाळी बापाला धोतरही तोच नेसवी. कमरेला गाठ मारायची, निऱ्या बोटांवर घ्यायच्या आणि म्हणायचे, "बाबा, पोट आत घ्या." निऱ्या खोचून झाल्या की, "हं, सोडा आता." मग मागे जाऊन कासोटा असा बसवायचा की पैकूने दिवसभर निर्धास्त हिंडावे.

वैशाखात गावचे मालगुजार आबाजीपंत यांच्या घरी लग्न निघाले. नवरदेवासाठी करवती काठाचा धोतरजोडा उदेभानला विणायला सांगितला होता. जोडा अर्ध्यावर असतानाच पोराला ताप भरला. मालगुजार काम पाहायला आले तेव्हा त्याने दोन दिवसांची मुदत मागितली.

"मागाच्या खड्ड्यात बसून कोणालाही गरम होतं," आबाजीपंत म्हणाले. "मुहूर्त काय तुझ्यासाठी थांबणार आहे?"

उदेभानने जोडा पुरा केला. मागावरून उतरला तो अंथरुणावर पडला, आणि तिसऱ्या दिवशी गेला. लग्न थाटात पार पडले.

तेरावा उलटल्यावर पैकू मठात आला. दुपारचे भजन नुकतेच संपले होते. एका हाताने कसेबसे गुंडाळलेले धोतर त्याच्या कमरेवरून ओघळले होते, सुटलेला कासोटा मागे जमिनीवर फरपटत होता. पुढेच बसलेले आबाजीपंत खांद्यावरचे उपरणे सावरीत हसले.

"बघा महाराज! साऱ्या मुलखाला धोतरं पुरवणारं घर, आणि याला स्वतःचं नेसता येत नाही!"

दोघेचौघे त्यांच्याबरोबर हसले. पैकूने तिकडे पाहिलेही नाही. तो सरळ महाराजांसमोर जाऊन उभा राहिला.

"महाराज, तीन दिवस पोराच्या उशाशी बसून तुमचं नाव घेत होतो मी. तुमाले ऐकू नाही आलं काय?"

महाराज म्हणाले, "आलं होतं, पैकू."

इतकेच. केवढे कठीण उत्तर ते! पैकूने महाराजांच्या डोळ्यांत असे पाणी कधी पाहिले नव्हते, आणि तरीही त्याचे मन विरघळले नाही.

महाराज आसनावरून उठले, पैकूपुढे गुडघे टेकून बसले, आणि डोळे मिटून त्याच्या धोतराची गाठ सोडू लागले. पैकू दचकला. महाराजांचे हात म्हातारे, नेहमी थंडगार. हे हात तव्यासारखे तापलेले होते. अंगठ्याला मागावरच्या धोट्याने पडलेला घट्टा होता.

"बाबा, पोट आत घ्या."

आवाज उदेभानचा होता! पैकूने श्वास ओढून धरला. ती बोटे भराभर निऱ्या घेऊ लागली. निऱ्या खोचल्या गेल्या.

"हं, सोडा आता."

पैकूने श्वास सोडला नाही. सोडला की हे हात जाणार, हे त्याला कळले होते. त्याचा चेहरा लाल झाला, छाती फुटायची वेळ आली.

"बाबा, सोडा ना."

तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला. हात मागे गेले, त्यांनी कासोटा घट्ट बसवला, आणि ते सुटले.

"नकला बऱ्या साधतात महाराजांना," आबाजीपंत पुटपुटले.

महाराज डोळे मिटूनच त्यांच्याकडे वळले आणि वाकून त्यांनी मालगुजारांचे दोन्ही पाय धरले. आबाजीपंतांच्या तोंडचे पाणी पळाले.

"नको! सोडा, महाराज! त्यानं त्या दिवशी असेच पाय धरले होते. असेच पोळत होते त्याचे हात. मला कळलं होतं... मला तेव्हाच कळलं होतं."

महाराजांनी पाय सोडताच आबाजीपंत धडपडत पुढे आले. पागोटे कुठे पडले याची त्यांना शुद्ध नव्हती. त्यांनी पैकूच्या पायांवर डोके ठेवले आणि हुंदके देऊ लागले.

पैकू खाली पाहत उभा राहिला. क्षमेचा शब्द त्याने आत शोधून पाहिला, सापडला नाही. पोराने नेसवलेल्या त्या सरळ, नेटक्या निऱ्यांवर मालगुजारांचे कपाळ घासत होते.

"उठा, सरकार," तो म्हणाला. "निऱ्या मोडतात."

आबाजीपंत मागे सरले, आणि त्याच्या पावलांपासून हातभर दूर, मठाच्या उघड्या भुईवर त्यांनी कपाळ टेकले.