राज्य कोणावर?

फार पूर्वी, नगरांना तट होते आणि तटांना वेशी होत्या, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी, कारण यात चूक मोठ्यांची आहे.

एका नगरीच्या राजाला उतारवयात मुलगा झाला. नवसासायासाचं पोर, मग काय विचारता! ऊन लागू नये म्हणून अंगणावर छत घातलं, ठेच लागू नये म्हणून वाटेवर गालिचे अंथरले. राजपुत्र चालायला लागला तसे पंडित आले, बोलायला लागला तशा पोथ्या आल्या. पोरगा हुशार होता. सांगाल ते पाठ करायचा. सोबतीला मात्र कोणी नव्हतं.

त्याला सांभाळणारी एक दाई होती. ती एकदा राजाला म्हणाली, "महाराज, बाळराजांना दुपारचं पोरांत सोडत जावा. पडतील, रडतील, पुन्हा उठतील. एकदा त्यांच्यावर राज्य येऊ दे, मग बघा कसे शहाणे होतात ते."

राजाच्या भुवया चढल्या. "राज्य येऊ दे? मी अजून जिवंत आहे, दाई!"

दाईने जीभ चावली. "तसं नव्हं, महाराज. खेळातलं राज्य. जो बाद होतो, त्याच्यावर राज्य येतं. मग बाकीच्यांना पकडायचं काम त्याचं."

"म्हणजे हरेल त्याला राज्य मिळतं?"

"मिळत नाही, येतं. घाम निघतो त्यात. कुणाला पकडलं, की ते त्याच्या डोक्यावर."

तिथेच माशी शिंकली. राजाला वाटलं, ही तर सिंहासनाची टिंगल! त्याने दाईला दटावलं आणि विषय संपवला.

पण दाईचं मन राहीना. नगरीच्या मागच्या तटाला लागून एक जुना वड होता. त्याच्या फांद्या तटावरून पलीकडे गेल्या होत्या आणि पारंब्या थेट नदीकाठापर्यंत लोंबत होत्या. पोरं अलीकडून चढत, पलीकडे पारंबी धरून उतरत आणि वेशीतून धावत परत येत. राजपुत्राला सातवं लागलं तेव्हा एका दुपारी दाई त्याला गुपचूप तिथे घेऊन गेली.

पोरांचा आंधळ्या कोशिंबिरीचा डाव रंगला होता. राजपुत्राला पाहून पोरं बिचकली. मग त्यांतली एक दात पडलेली मुलगी म्हणाली, "तू नवा हायेस ना? मग तू कच्चा लिंबू."

"कच्चा लिंबू म्हणजे काय?"

"म्हणजे तू खेळायचं, पण तुझ्यावर राज्य नाही यायचं. बाद झालास तरी बाद नाही."

राजपुत्र खेळला. धावला, आपटला, गुडघा फुटला, तरी हसला. आणि थोड्या वेळाने त्याला एक गोष्ट कळली, जी कुठल्याच पंडिताने सांगितली नव्हती. जो बाद होऊ शकत नाही, त्याच्याकडे कोणी लक्षही देत नाही. तो पुढे झाला आणि म्हणाला, "मला कच्चा लिंबू नका करू. माझ्यावर खरं राज्य येऊ द्या."

पोरांनी टाळ्या पिटल्या. दाईने आपल्या पदराची पट्टी फाडून त्याच्या डोळ्यांवर बांधली. "राज्य तुझ्यावर!" असा एकच गलका झाला आणि राजपुत्र हात पसरून पुढे सरकला.

अचानक सगळं शांत झालं. त्याला वाटलं, पोरं श्वास रोखून उभी आहेत. तो चाचपडत राहिला, वळला, हसला, पुन्हा चाचपडला. हाताला कोणी लागेना. शेवटी पट्टी काढून पाहतो तर वडाखाली एकही पोर नाही, आणि राजाचे शिपाई दाईला धरून उभे.

दाईला वेशीबाहेर घालवलं. ती नदीपलीकडे झोपडी बांधून राहिली. नगरीत दवंडी पिटली, की आजपासून ज्या खेळात कोणावर राज्य येतं, तो खेळ बंद. आता सांगा, राज्य येत नाही असा खेळ तरी कुठला? हळूहळू सगळेच बंद झाले. वडावर चढलेल्या पोराला फटके बसत. आईबापांनी आधी हळहळ केली, मग त्यांना ते बरंच वाटू लागलं. पोरं घरात, कपडे स्वच्छ, गुडघे शाबूत. पुढच्या पिढीला तर खेळ म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं.

राजपुत्र मोठा झाला. बुद्धिबळात प्रधान आपणहून वजीर घालवी, आखाड्यात पैलवान आपणहून पाठीवर पडे. राजपुत्राला वाटे, जग असंच असतं. म्हातारा राजा समाधानाने मेला आणि मुलगा गादीवर बसला. त्यालाही मुलगा झाला, आणि त्याच छताखाली, त्याच गालिच्यांवर वाढू लागला.

मग शेजारचा राजा सैन्य घेऊन आला. त्याला नदीचा एक उतार हवा होता, गुरं पाण्यावर नेण्यापुरता. पहिल्याच लढाईत नगरीचं निम्मं सैन्य कापलं गेलं.

म्हातारा प्रधान हात जोडून म्हणाला, "महाराज, हा डाव गेला. उतार देऊन टाकावा. माणसं राहिली तर पुढचा डाव मांडता येईल."

"डाव गेला म्हणजे?" राजाने विचारलं.

राजा चिडून विचारत नव्हता. त्याला खरोखरच कळलं नव्हतं. हरलो म्हणायचं, धूळ झटकायची आणि पुन्हा उभं राहायचं, हे त्याने कधी केलंच नव्हतं. त्याने उरलेलं सैन्य बाहेर काढलं. तेही गेलं. तरी तो वेशी उघडेना. नगरीत दाणा संपला, माणसं झाडपाला खाऊ लागली, आणि मग शत्रूने तटापलीकडून जळते पलिते आत फेकले.

एका टोकाला वेस पेटली, दुसऱ्या टोकाला उरला फक्त हा वड. राजा मुलाला कडेवर घेऊन मागच्या तटावर चढला. मागे लोक, हातात पोरं. धुराने काही दिसेना. तटाच्या पलीकडून, खालच्या नदीकाठावरून, एक म्हातारा आवाज आला. दाई होती.

"पारंबी धरा! पायांची अढी घाला आणि हळूहळू सरका!"

नारळ काढणारे उतरले. लाकूडतोडे उतरले. बाकीची माणसं पारंबीकडे नुसती बघत राहिली. राजाने मुलाला म्हटलं, "धर, बाळ."

"कसं धरू, बाबा?"

राजाला सांगता येईना. त्याला सगळी शास्त्रं येत होती. त्याने मुलाच्या मुठी पारंबीभोवती आवळल्या आणि त्याला सोडलं. मुठी क्षणभर टिकल्या. मग सुटल्या.

दाई धावली, पण तिचे पाय आता म्हातारे होते. काठावरच्या खडकावर पडलेलं लेकरू तिने मांडीवर घेतलं. त्याचे तळहात उघडून पाहिले. मऊ होते. एक जुना ओरखडासुद्धा नव्हता त्यांवर. ती ऊर बडवून रडली. वर राजा ठिणग्यांत उभा होता, आणि त्यानंतर त्याच्या डोळ्यांना काहीच दिसलं नाही.

नगरी गेली. जिंकणाऱ्या राजाने आंधळ्याला मारलं नाही. त्याची भीती कशाला बाळगायची? तो वडाखाली बसून राही. दाई जिवंत होती तोवर त्याला भाकरी आणून देई, पुढे लोक देत.

नव्या राजाला जुन्या दवंडीशी देणंघेणं नव्हतं. नदीपलीकडची पोरं हळूहळू वडाखाली खेळायला येऊ लागली. बऱ्याच वर्षांनी एका दुपारी आंधळ्या राजाच्या कानावर गलका आला, "राज्य तुझ्यावर! राज्य तुझ्यावर!"

तो धडपडत उठला आणि हात पसरून पुढे आला.

पोरं हसली. एकजण त्याला धरून बसवायला लागला. "आजोबा, बसा. तुम्ही कच्चा लिंबू."

"नको रे," आंधळा म्हणाला. "मी हरलो. सगळं हरलो. आता तरी माझ्यावर राज्य येऊ द्या."

म्हातारा अडखळून पडेल, या काळजीने पोरांनी डाव उचलला आणि पाय न वाजवता लांब नदीकडे नेला. वडाखाली सगळं शांत झालं. आंधळ्याला वाटलं, पोरं श्वास रोखून उभी आहेत. तो हसला आणि हात पसरून चाचपडत राहिला.

तात्पर्य: ज्या लेकराला अंगणात हरू दिलं नाही, त्याला रणांगणात हरता येत नाही, आणि मग त्याच्याबरोबर सगळेच हरतात.