शंभर टक्के

"मग बंद पडला कसा, बाबा?"

श्रीरंग संतापाने विचारत होता. हातात मठाचा लॅपटॉप होता, पडदा काळा पडलेला.

तुळजागिरीबाबा ओट्यावर तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

तीन वर्षांपूर्वी एका भक्ताने तो लॅपटॉप दिला होता, टेकडीखालच्या वाडीच्या उपयोगासाठी. सांभाळायचं काम एम. एस्सी. झालेल्या श्रीरंगाकडे आलं. त्याने चार्जरची पिन कधी काढलीच नाही. रोज आंघोळ झाली की पडद्यावरचा बॅटरीचा आकडा पाही. शंभर टक्के. रोज शंभर.

वाडीची फुलाबाई वर्षभरात तीनदा मठात आली. टेकडीच्या कुशीत दगडाची खाण होणार होती, वाडीचा झरा जाणार होता. हरकती लिहायच्या तर वाडीत लिहिणारं कुणी नव्हतं. लॅपटॉप घेऊन खाली या, माणसं सांगतील ते उतरवून घ्या, एवढंच तिचं मागणं. श्रीरंगाने तिन्ही वेळा सांगितलं की वाडीत वीज धड नसते, बॅटरी उतरेल, खराब होईल.

आता मुदतीचा एकच दिवस उरला होता. वादळाने खांब पाडलेले, दोन दिवस वीज नव्हती. शेवटी ज्यांना चढवत होतं ते चौदा जण फुलाबाईबरोबर वर आले. पहिली बसली झिपरीआजी.

वीज गेल्यापासून बंद ठेवलेला लॅपटॉप श्रीरंगाने उघडला. आकडा शंभर. आजीचं नाव लिहून होतंय, तोच पडदा गेला.

माणसं थोडा वेळ बसली. मग खाली गेली.

"कंपनीने फसवलं," श्रीरंग म्हणाला. "शंभर दाखवते आणि चार मिनिटं टिकत नाही. मी सोडणार नाही त्यांना."

"पिन काढल्यावर किती टिकते, कधी पाहिलंस?"

"पिन काढलीच नाही, तर..."

"तीन वर्षांत एकदाही?"

"नाही."

"मग ते शंभर बॅटरीचे होते की पिनचे?"

श्रीरंगाचा राग गेला नव्हता. इतकी निगा राखणारा दुसरा कोण होता, असं तो पुटपुटला.

बाबांनी सूप बाजूला सारलं. मठात कुणी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. आज चढला.

"झिपरी दीड तास चढून आली. तिच्या तोंडचं एक वाक्य तू लिहून घेतलं नाहीस. आणि मला बॅटरीची निगा सांगतोस?"

"मी बॅटरी कधी उतरू दिली नाही, बाबा. आणखी काय करायला हवं होतं?"

बाबा उठले. कोनाड्यातून कोऱ्या कागदांची चवड आणि पेन काढलं, आणि श्रीरंगाच्या हातातल्या लॅपटॉपवर ठेवलं. हाताने लिहिलेल्या हरकती तहसील कचेरीत उद्या दुपारपर्यंत घेणार होते. दोघांनाही ते ठाऊक होतं.

"ठीक आहे," श्रीरंग म्हणाला. "निरोप पाठवतो. सगळ्यांना परत वर बोलावून घेतो."

बाबांनी लॅपटॉप त्याच्या हातातून काढून घेतला. कागद तेवढे त्याच्या हातात राहू दिले.

"आता तू उतर."