बांधापलीकडची शेड

"मग एकनाथच्या कोंबड्यांच्या पाण्यात काय घालता?"

प्रल्हाद अजून बसलाही नव्हता. अमीनचाचा ओट्यावर लसूण सोलत होते. त्यांनी समोरची जागा दाखवली.

त्या भागातल्या कितीतरी जणांना कोंबड्या पाळायला चाचांनी शिकवलं होतं. आता त्यांची स्वतःची शेड उरली नव्हती. प्रल्हाद त्यांचा पहिला शिष्य, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे. एकनाथ फार नंतरचा. दोघांच्या शेडांमध्ये एक बांध.

मे महिना तापला होता. प्रल्हादच्या कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकत. रोज दुपारी काही मरत. बांधापलीकडे एकनाथच्या कोंबड्या खात होत्या, पीत होत्या, अंग धरत होत्या.

आणि रोज सकाळी, ऊन चढायच्या आत, चाचा काठी टेकत एकनाथकडे जात. प्रल्हाद बांधावरून बघत राही.

चाचांनी घरातून एक पुडा आणून त्याच्यापुढे ठेवला. व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमची पावडर, उन्हाळ्यात पाण्यातून द्यायची.

"हीच?"

"हीच."

"ही तर माझ्याकडंपण आहे."

"मीच दिलीय."

प्रल्हादने पुडा उलटून पाहिला. मग त्याने खालच्या आवाजात सांगितलं की गेले काही दिवस तो दुप्पट माप घालत होता. आपण एकनाथच्या मागे पडलेलं त्याला बघवत नव्हतं.

चाचांचे हात थांबले. सेलेनियम मिठासारखं असतं, ते म्हणाले. कमी पडलं तरी कोंबडी मान टाकते, जास्त झालं तरी टाकते. घरी गेल्या गेल्या टाकी ओतून दे, दोन दिवस नुसतं गार पाणी ठेव.

प्रल्हादने मान हलवली. पण उठला नाही.

"त्याचं माप तुम्ही स्वतः घालता. माझं का नाही?"

"त्याचा पोरगा गेला, प्रल्हाद. बादली घेऊन टाकीपाशी उभा राहतो... आणि कशाला आलो ते विसरतो."

"माहीत आहे. खांदा दिलाय मी." प्रल्हाद पुड्याकडे बघत होता. "पण दिवाळीपासून माझ्या शेडमध्ये तुमचं पाऊल पडलं नाही. एकदाही नाही."

"तुझं काम चांगलं आहे."

"काम चांगलं म्हणून मी पोरका?"

चाचांनी लसूण बाजूला सारला.

मग त्यांनी पायांत चपला सरकवल्या.

"चल."

वाटेत एकनाथ दिसला. आपल्या शेडच्या दाराशी, पिंपाला टेकून बसला होता. प्रल्हादने पुढे होऊन चाचांचा हात धरला. धरायची गरज नव्हती, वाट सपाट होती.

एकनाथने वर पाहिलं.

प्रल्हादच्या शेडच्या दारात चुना पसरलेला होता. बाहेरचा रोग आत जाऊ नये म्हणून येणाऱ्याने त्यात पाय ठेवून मगच आत जायचं. चाचांनी पाय उचलला.

आत प्रल्हादची बायको कोंबड्यांची पाण्याची भांडी धूत होती. मुलगी पाणी ओतत होती.

"बाबा कुठंयत गं आई?"

"गेलेत चाचांकडं. रुसायला."

दोघी हसल्या. पाण्याचा आवाज होत राहिला.

चाचांचा पाय तसाच चुन्यावर अधांतरी होता... तो त्यांनी मागे घेतला.

"काय झालं? या ना आत."

चाचांनी आपला हात हळूच सोडवून घेतला.

"घरात दुःख शिरलं की मी जातो. तुझ्याकडं येत नाही ना, प्रल्हाद... तीच माझी दुआ आहे."