राजरस्त्यावरचे रांजण

उदुंबर नगरात भद्रसेन नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने तेथल्या बुरूडआळीत जन्म घेतला होता. त्याचे नाव वेणुक. सुपे, टोपल्या, शिड्या विणण्यात त्याचा हात धरणारा आळीत एकच माणूस होता, म्हातारा सोमिल. त्याच्यापाशीच वेणुक ही कला शिकला होता. सोमिलाचे दोन्ही पाय लुळे पडले होते, पण बोटे अजून तरुणासारखी चालत.

आळी राजरस्त्याला लागून होती. साठ-पासष्ट घरे, कुडाच्या भिंती, गवताची छपरे आणि दारोदारी वाळत घातलेल्या बांबूच्या कामट्या. वेणुक लहान असताना ही आळी एकदा जळली होती. जो तो आपले गाठोडे वाचवायला धावला आणि त्या धावपळीत माणसे तुडवली गेली. मोठेपणी आळीचे मुख्यपण त्याच्याकडे आले, तेव्हा त्याने सर्वांना बसवून एक नेम ठरवला. प्रत्येक दारापुढे पाण्याने भरलेला रांजण असावा. तीन घरांमागे एक शिडी आणि लांब दांड्याची आकडी असावी. डफ वाजला की बायकांनी पाण्याची रांग धरावी, पुरुषांनी आगीच्या पुढली छपरे ओढून पाडावीत, म्हणजे आगीला पुढे खायला काही उरणार नाही. लुळ्या-आजाऱ्यांना कोणी उचलायचे, तेही नावानिशी ठरले. सोमिलाला उचलण्याचे काम शेजारच्या काळकाकडे आणि त्याच्या भावाकडे आले. आणि ज्याचे छप्पर पाडले जाईल, त्याला साऱ्या आळीने तीन दिवसांत नवे शाकारून द्यावे. या शेवटच्या गोष्टीवर सगळे उभे होते, कारण शेजाऱ्यासाठी आपले धडधाकट छप्पर पाडू देणे कोणाच्याही जिवावर येते.

दर पौर्णिमेला आळीत सराव होई. बाहेरचे लोक हसत. पण बारा वर्षांत तीन वेळा आग लागली आणि तिन्ही वेळा दोन घरांपलीकडे गेली नाही.

एका चैत्रात शेजारच्या राज्याचा राजा भेटीला यायचा होता. नगराची व्यवस्था पिंगल नावाच्या नगरपालाकडे होती. तो रथात बसून राजरस्ता पाहायला आला आणि बुरूडआळीपुढे थांबला.

"हे काळे रांजण इथे कशाला? पाहुण्यांनी काय आपली गरिबी मोजायची? उचला सगळे," तो म्हणाला. "आणि या शिड्या घ्या. कमानी बांधायला बांबू हवाच आहे."

शिपायांनी रांजण ओतून दिले आणि गाड्यांत भरून नेले. शिड्या सोडवून त्यांच्या कमानी केल्या. आळीतली तरणी माणसेही मिरवणुकीत निशाणे धरायला म्हणून नेली. त्यांत काळक आणि त्याचा भाऊ होते.

वेणुक नगरपालाच्या वाड्यावर गेला. दोन प्रहर उन्हात उभा राहिल्यावर त्याला आत घेतले.

"स्वामी, कमानी उभारा, आमची ना नाही," तो म्हणाला. "पण चैत्राचे ऊन आहे, वारा सुटतो आहे. रांजण परत द्या. रस्त्यावर नको असतील तर मागच्या दारी ठेवतो. आणि आमची माणसे सोडा. कोणी कोणाला उचलायचे ते ठरलेले आहे."

पिंगल विडा चघळत होता. "अरे, मंगल प्रसंगी आगीचे नाव काढतोस? आग लागलीच तर राजाचे सैन्य आहे. तू टोपल्या वीण."

"सैन्याला पाणी कुठे आहे ते ठाऊक आहे का, स्वामी?"

"चालता हो."

वेणुक परतला. राग त्याला येत नसे असे नव्हे. ज्या माणसाने आयुष्यात आग विझवायला एक घागरही उचलली नव्हती, त्याने बारा वर्षांचे शहाणपण एका सकाळीत ओतून टाकले होते, आणि तेही रस्ता शोभिवंत दिसावा म्हणून. पण राग आवरून त्याने कोयती हातात घेतली. उरलेल्या माणसांना घेऊन तो ओल्या बांबूच्या शिड्या बांधू लागला. बायकांनी घरातली मडकी, घागरी, स्वयंपाकाची भांडीसुद्धा पाण्याने भरली. चार दिवसांत सात शिड्या झाल्या. लागत होत्या एकवीस.

पाचव्या दिवशी, भर दुपारी, मिरवणूक निघाली. कमानींवर रंगीत वस्त्रे होती आणि प्रत्येक कमानीखाली तांब्याच्या पात्रांत धूप जळत होता. वाऱ्याची एक वावटळ आली. एक वस्त्र पात्रावर पडले, पेटले आणि वाळलेल्या बांबूची कमान जळत जळत बुरूडआळीच्या पहिल्या छपरावर कोसळली.

वेणुकाने डफ वाजवला. आळी बारा वर्षे जे शिकली होती ते करू लागली. कोणी ओरडले नाही. बायकांची रांग नदीपर्यंत गेली. रस्त्यावर सैन्य भाले धरून दोन ओळींत उभे होते. जागेवरून हलायचे नाही, अशी त्यांना आज्ञा होती. काही तरुण शिपायांच्या डोळ्यांत पाणी आले, पण ते हलले नाहीत.

शिड्या पुऱ्या पडेनात. एक छप्पर पाडीपर्यंत त्याच्या पलीकडचे पेट घेत होते. वेणुकाने आधी स्वतःचे छप्पर ओढून पाडले, मग शेजाऱ्यांची. अखेर विसाव्या घरापाशी आग अडली. धूर जरा निवळला आणि वेणुकाने माणसे मोजली. सोमिल नव्हता.

निशाण टाकून काळक धावत आला, पण तोवर सोमिलाचे घर बसले होते. म्हातारा दारापर्यंत सरपटत आला होता. त्याच्या हातांच्या कातड्यावरून ते दिसत होते.

तेवढ्यात वारा फिरला. ठिणग्या रस्ता ओलांडून समोरच्या पिंगलाच्या वाड्याच्या गवती गोठ्यावर पडल्या. काळकाने हातातली घागर खाली आपटली.

"जळू दे! एकाने पाऊल उचलले तर त्याचे तोंड पाहणार नाही. सोमिलबाबा सरपटत मेला, दादा. मी निशाण धरून उभा होतो!"

"गोठ्याला लागून दासींच्या खोल्या आहेत," वेणुक म्हणाला. "पिंगल तिथे नाही. तो पाहुण्यांजवळ आहे. तिथे मुले आहेत."

काळक रडत उभा राहिला. वेणुकाने शिडी खांद्यावर घेतली आणि तो निघाला. त्याच्यामागे एक बाई निघाली, मग दुसरी, मग सगळी आळी. शेवटी काळकानेही शिडीचे दुसरे टोक धरले. ज्याने त्यांचे पाणी ओतले होते, त्याचा वाडा त्यांनी वाचवला.

दुसऱ्या दिवशी राजाने चौकशी ठेवली. सभा भरण्यापूर्वी पिंगलाने वेणुकाला बाजूला घेतले. आज त्याने त्याला बसायला आसन दिले.

"लाह्या भाजणारी ती विपुला म्हातारी तुमच्याच आळीतली ना? आग तिच्या चुलीची. तू एवढेच सांग. राजवनातला हवा तेवढा बांबू देतो. सारी आळी पावसाआधी शाकारून होईल. तिला नगराबाहेर घालवतील, एवढेच. तशीही किती दिवसांची सोबती?"

वीस घरांची मुले उघड्यावर होती आणि पावसाला दोन महिने होते. तो प्रस्ताव किती कुजका आहे हे वेणुकाला कळत होते, आणि तरीही डोळ्यांपुढे हिरवा बांबू येत होता. याचीच त्याला सर्वांत अधिक चीड आली. या माणसाने त्यांचे दुःखसुद्धा विकत घ्यायला काढले होते.

सभेत पिंगलाने विपुलेचे नाव घेतले. शिपायांनी म्हातारीला पुढे आणले. ती थरथरत म्हणाली, "महाराज, मी परवापासून चूल पेटवलीच नाही. भांड्यांत पाणी भरून ठेवलं होतं, लाह्या भाजू कशात?"

राजाने वेणुकाकडे पाहिले. वेणुकाने उपरण्यातून एक काळवंडलेले तांब्याचे पात्र काढले आणि पायरीवर ठेवले. त्यावर राजमुद्रा होती.

"हे आमच्या पहिल्या घराच्या राखेत सापडले, महाराज. आग बुरुडाच्या चुलीतून आली नाही, तुमच्या कमानीतून आली. पण आग कुठूनही येते, तिचा मला राग नाही. आमचे रांजण उचलले, आमच्या शिड्या मोडल्या, सोमिलाला उचलणारे हात निशाणे धरायला नेले, त्याचा आहे. मी सांगायला गेलो होतो. मला हाकलले. तुमचे सैन्य वीस पावलांवर उभे होते आणि एक म्हातारा दारापर्यंत सरपटत येऊन मेला. आता त्याच्या राखेवर या विपुलेला बसवायचे चालले आहे. मला बांबू देऊ केला आहे. नको."

राजाने ते पात्र उचलून त्यावरची मुद्रा पाहिली.

"मला हे कोणी का सांगितले नाही?"

"सांगणारे दाराशी उभे असतात, महाराज. दार या नगरपालांकडे आहे."

राजाची मान खाली गेली. मग त्याला क्रोध चढला आणि पिंगलाला सुळी द्या, असे तो म्हणाला. वेणुकाने हात जोडले.

"सुळी देऊन एकही रांजण भरणार नाही, महाराज. याला पाण्याला लावा."

राजाने तेच केले. पिंगलाचे अधिकार गेले आणि तो उन्हाळाभर रोज पहाटे नदीवरून पाणी आणून बुरूडआळीचे रांजण भरू लागला. आळीचा नेम राजाने नगरातल्या प्रत्येक आळीला लावला. राजवाड्याच्या दारीही दोन रांजण आले आणि सैन्य पौर्णिमेला वेणुकाच्या हाताखाली सराव करू लागले. विपुलेने सगळ्या आळीला लाह्या वाटल्या. काळक मात्र त्या वर्षी सणाला कोणाकडे गेला नाही.

तक्रार घेऊन आलेल्या भिक्खूंना ही कथा सांगून भगवान शास्ता म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा भद्रसेन राजा म्हणजे आजचा आनंद. काळक म्हणजे मोग्गल्लान आणि विपुला म्हणजे उत्पलवर्णा. संघात राहूनही जो दुसऱ्यांच्या वाट्याचे उचलतो आणि दोष तिसऱ्यावर ढकलतो, तुम्ही ज्याची तक्रार घेऊन आलात, तो भिक्खू तेव्हा पिंगल होता. वेणुक मीच."

"आणि सोमिल, भन्ते?" आनंदाने विचारले.

शास्ता म्हणाले, "सोमिलाचे नाव मी सांगणार नाही. ते कळले तर तुम्ही एकालाच जपाल. प्रत्येक लुळ्या माणसाच्या दारी तोच बसला आहे असे समजून वागा. यालाच मी अप्रमाद, सदैव सावध असणे, म्हणतो."