डोंगरमायेची हाक

सह्याद्रीतल्या एका अवघड घाटाच्या पायथ्याशी पाथरघळ नावाचे लहानसे गाव होते. श्रीभवाननाथ महाराज उतारवयात फिरत फिरत त्या गावी आले. झऱ्याकाठची जागा त्यांना आवडली आणि गावकऱ्यांनी हौसेने तिथे गवताने शाकारलेला मठ उभा केला. महाराज फार बोलत नसत. येईल त्याचे ऐकून घेत, आणि जाणारा माणूस हलका होऊन जाई.

डोंगराच्या सोंडेवर गवळी-धनगरांची वस्ती होती. तिथली तान्हाई नावाची विधवा बाई मठात दूध घालायला येत असे. तिला मूलबाळ नव्हते. चार म्हशी, एक झोपडी आणि समोर पसरलेला डोंगर, एवढाच तिचा संसार. पण त्या डोंगरावर तिचा फार जीव! म्हशींमागे हिंडताना ती मनाने ओव्या जुळवी, गोष्टी रचीत असे. दूध ओतून झाले की महाराज विचारत, "तान्हाई, आज डोंगर काय म्हणाला?" मग ती पदराने तोंड पुसून तिथेच ओसरीवर बसे आणि नवी ओवी म्हणे. कधी कारवी फुलल्याची, कधी दोन सुळक्यांच्या भांडणाची. महाराज डोळे मिटून ऐकत.

त्या वर्षी गोकुळाष्टमीला त्रिंबकबुवा नावाचे कीर्तनकार मठात आले होते. बुवांची वाणी रसाळ आणि पाठांतर दांडगे. गावोगाव त्यांना मान होता, आणि त्या मानाची त्यांना पुरेपूर जाणीवही होती. सोबत त्यांची उपवर कन्या गोदा होती. कीर्तनात ती मागे उभी राहून टाळ धरी.

काल्याच्या दिवशी मंडळी जमली. बुवा उभे राहणार, एवढ्यात महाराज म्हणाले, "आधी आमच्या तान्हाईची एक ओवी होऊ द्या. डोंगरमायेची."

तान्हाई संकोचाने उठली. एक गवळण आपले चुकलेले वासरू शोधायला धुक्यात शिरली, हाका मारीत उंच उंच चढत गेली, आणि वाट पाहत इतकी वर्षे उभी राहिली की तिचाच डोंगर झाला, अशी ती गोष्ट होती. गोष्ट सांगून तिने ओवी म्हटली,

"धुकं आलं डोंगराला, पांढरं जसं दूध
चुकलं माझं वासरू, त्याला वाटंची न्हाई सुध
मागं फिर, लेकरा, पुढं कडा हाय
हाक मारती तुला तुझी डोंगरमाय"

गोदेचे डोळे भरून आले. बुवांना मात्र हसू आवरेना.

"बाई, ही कथा कोणत्या पुराणातली?" त्यांनी विचारले.

"कुटल्याच न्हाई, बुवा. माजी मीच रचली."

"म्हणजे खोटी!" बुवा लोकांकडे वळून म्हणाले. "ऐकलंत? देवाच्या दारात खोटी गोष्ट! आणि हिच्यात देव तरी कुठं आहे? ना राम, ना कृष्ण. नुसती गवळण, वासरू आणि दगड! याला काव्य म्हणायचं, तर रानातली कोल्हेकुई म्हणजे भजनच झालं की!"

मंडळीत हशा पिकला. एरवी तान्हाईच्या ओव्या आवडीने ऐकणारेही त्या हशात सामील झाले. तेच तिच्या फार जिव्हारी लागले. ती खाली मान घालून एका कोपऱ्यात जाऊन बसली.  महाराजांनी फक्त एकदा तिच्याकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तान्हाई दूध घेऊन आली, तेव्हा तिचा घसा साफ बसला होता. रात्रभर रडल्यामुळे असेल, पावसाळी गारठ्यामुळे असेल, तोंडून फक्त घोगरी कुजबूज निघत होती. महाराजांच्या पायांवर डोके ठेवून ती म्हणाली, "आता म्या न्हाई गायची, महाराज. देवानंच आवाज काडून घेतला. बरं झालं."

"देव असं काढून घेत नाही गं," महाराज म्हणाले. "बैस जरा."

तेवढ्यात बुवा निरोप घ्यायला आले. घाट चढून वरच्या पठारावरच्या गावात त्यांचे कीर्तन ठरले होते. महाराजांनी डोंगराकडे पाहिले. माथा दिसत नव्हता.

"बुवा, आज थांबा. धुकं उतरतंय. वाट कड्याच्या अगदी काठाने जाते."

"महाराज, मुखात हरिनाम असल्यावर धुक्याचं काय भय?" बुवा हसून म्हणाले. "आणि वाट मळलेली आहे, परवा तिनेच आलो." नमस्कार करून ते निघाले. गोदा दारात क्षणभर थबकली. तिने तान्हाईकडे पाहून हात जोडले आणि वडिलांमागे चालू लागली.

अर्धा घाट चढेपर्यंत धुके खाली आले. पुढचे झाड दिसेना, मग पायाखालची वाटही दिसेना. बुवा मोठ्याने नामघोष करीत चालत होते. थोड्या वेळाने पायाखाली मळलेली माती लागेनाशी झाली, ओले गवत आणि सुटे दगड लागू लागले. ते मागे वळले, तर मागे कुठे आणि पुढे कुठे, तेच कळेना. गोदेने त्यांचे उपरणे घट्ट धरले.

"अण्णा, आता एक पाऊलही टाकू नका."

पण बुवांचा धीर सुटला होता. वाट इकडेच असणार, म्हणत त्यांनी पाय टाकला. एक दगड निसटला. तो पडल्याचा आवाज कितीतरी वेळाने, फार खोलातून आला. दोघे जागच्या जागी खिळले. बुवांच्या ओठांवरचे नाम थांबले. आयुष्यभर पाठ केलेले एकही पद त्यांना आठवेना.

इकडे मठात महाराज एकदम म्हणाले, "तान्हाई, गा. डोंगरमायेची ओवी म्हण."

"आवाज कुटं हाय, महाराज?" ती कुजबुजली.

"आवाजाचं मी बघतो. धुक्यात वासरू चुकलंय. तू हाक मार."

तान्हाईला उमगले. तिचा चेहरा कठीण झाला. "त्यांनी मला समद्यांदेखत खोटी म्हटलं."

"म्हटलं खरं," महाराज म्हणाले. एवढेच म्हणून ते तिच्याकडे पाहत राहिले.

तान्हाईने बाहेरच्या धुक्याकडे पाहिले. दारात थांबून हात जोडणारी ती पोर तिच्या डोळ्यांपुढे आली. तिच्या मनातला राग विरघळला. तिने डोळे मिटले आणि ओवी म्हणायला सुरुवात केली. मठातले वृद्ध पुजारी रामजी गुरव तिथेच होते. त्यांना फक्त तिचे ओठ हलताना दिसत होते, आवाज अजिबात येत नव्हता. मात्र तिच्या गालांवरून पाणी वाहत होते, आणि महाराज हात जोडून बसले होते.

आणि काय आश्चर्य! त्याच वेळी कड्यावर त्या दोघांच्या पाठीमागून खणखणीत सूर उमटला, "मागं फिर, लेकरा, पुढं कडा हाय…"

"अण्णा, तान्हाईमावशी!" गोदा ओरडली. "त्या आपल्याला शोधायला आल्यात!"

बुवांनी वळून सुराच्या दिशेने पाऊल टाकले. दगड पक्का लागला. आणखी एक टाकले. सूर थोडा पुढे सरकला. ते चुकीच्या दिशेला वळले की तो क्षीण होई, नीट वळले की जवळ येई. हाक मारली तर उत्तर नाही, फक्त ओवी. असे ते दोघे त्या आवाजामागे, आईमागे लेकरे चालावीत तसे, घाट उतरले. धुक्यातून मठाचे दार दिसले, आणि सूर थांबला.

दोघे ओलेचिंब होऊन आत आले. समोर तान्हाई बसलेली होती. तिचे लुगडे कोरडे होते, पायाला चिखलाचा ठिपका नव्हता. ओठ अजून हलत होते, आवाज मात्र नव्हता.

"ह्या… ह्या कधी परतल्या वरून?" बुवांनी अडखळत विचारले.

"सकाळपासून इथंच बसल्यात," रामजी म्हणाले. "आवाज तर पहाटेपासूनच गेलाय त्यांचा."

बुवा मटकन खाली बसले.  मग ते महाराजांकडे सरकले. "महाराज, मी वर नाम घेत होतो. देव का नाही आला?"

"आला की!" महाराज म्हणाले. "तुम्ही त्याला हाक मारलीत आणि तो आला. येताना त्याने हिची ओवी घेतली, एवढंच. कुणाचं लेकरू कुठं चुकलंय, याची ज्याला कळकळ, त्याच्या गळ्यातून बोलायला देवाला आवडतं. ती गोष्ट पुराणात नसेल, बुवा. पण हिने ती खोटी नाही सांगितली. डोंगरात राहून, आपल्या पोटी मूल नसताना, हिने जे सोसलं ते त्या गोष्टीत आहे."

बुवांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. त्यांनी महाराजांच्या पायांवर मस्तक ठेवले, पण महाराजांनी त्यांना धरून उठवले आणि तान्हाईकडे बोट दाखवले.

बुवा वरच्या गावी त्या दिवशी गेले नाहीत, नंतरही काही दिवस गेले नाहीत. गोदा वस्तीवर जाऊन तान्हाईला सुंठीचा काढा देई. हळूहळू घसा सुटला. तेव्हा महाराजांनी पुन्हा गावाला बोलावले. बुवांना बसायला पाट मांडला होता. तो बाजूला सारून ते श्रोत्यांत, जमिनीवर बसले. तान्हाई गायला उभी राहिली, पण तिला पुन्हा संकोच वाटला. तेव्हा बुवा उठले, सगळ्या मंडळींसमोर तिच्यापुढे गेले आणि त्यांनी वाकून तिच्या पायांना हात लावला.

"आई," ते म्हणाले, "एकदा मी हसलो. आता ऐकू दे."

"उटा बुवा, असं करू नगा," ती घाबरून म्हणाली. पण बुवा उठले नाहीत. तिने गायला सुरुवात केली तरी त्यांचे मस्तक तसेच वाकलेले होते.

भक्तांच्या साध्या बोलांवर श्रीभवाननाथांची अशी माया होती. ती आपणांवरही राहो.